कडी बाहेरून

गॉथिक कादंबरीतला किल्ला इमारत असण्याआधी मिळकत असतो. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' १७६४च्या डिसेंबरात लंडनमध्ये निघाली आणि या साहित्यप्रकाराची सुरुवात तिथून धरतात. ओट्रांटोचा मालक मॅनफ्रेड एकुलत्या एका मुलाचे लग्न लावायला निघाला आहे. ऐन लग्नाच्या दिवशी अंगणात एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळते आणि मुलगा त्याखाली चिरडून मरतो. वंश खुंटणार, म्हणून मॅनफ्रेड मुलाच्या वाग्दत्त वधूशी, इझाबेलाशी, स्वतःच लग्न करायला बघतो. ती तळघरातल्या भुयाराने पळते. आजोबांचे चित्र चौकटीतून उतरून चालू लागते. शेवटी भिंती ढासळतात. वाचकाच्या लक्षात भुयार राहते, चित्र राहते, ढासळत्या भिंती राहतात. पण या सगळ्याचे मूळ एका कागदात आहे. मॅनफ्रेडच्या आजोबांनी खऱ्या मालकाला विष घातले आणि खोटे मृत्युपत्र करून किल्ला आपल्या नावावर करून घेतला. भूत येते ते त्या व्यवहाराचा हिशेब मागायला.

हे एकदा ध्यानात आले की किल्ल्याचे बाकीचे संकेत आपोआप जागेवर बसतात. पूर्वजांची चित्रे भिंतीवर असतात, कारण चेहरेपट्टी हा वारसाचा पुरावा आहे. चित्रातल्या माणसासारखा दिसणारा कुणी गरीब तरुण दारात उभा राहिला की मालकाची झोप उडते. इमारतीची एक बाजू बंद ठेवलेली असते, कारण गुन्हा तिथे घडलेला असतो. जुने हस्तलिखित सापडते, कारण खरी सनद कुठेतरी दडवलेली असते. एडगर ॲलन पोच्या 'अशर'च्या कथेत (१८३९) आसपासचे शेतकरी वास्तूला आणि कुटुंबाला एकाच नावाने ओळखतात, हे पोला मुद्दाम सांगावे लागते. मराठीला ते सांगावे लागत नाही. 'घर' आणि 'घराणे' हे शब्दच एकमेकांच्या पोटातले आहेत. आणि ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) जोनाथन हार्कर त्या डोंगरातल्या किल्ल्यात कशाला गेलेला असतो? घराच्या खरेदीची कागदपत्रे घेऊन. तो वकिलाच्या कचेरीतला तरुण आहे आणि काउंटला लंडनमध्ये जागा घ्यायची आहे.

मराठीत गॉथिक साहित्य का नाही, याचे एक उत्तर चर्चासत्रांतून आणि कथासंग्रहांच्या प्रस्तावनांतून वर्षानुवर्षे दिले जाते: या मुलखात तसले किल्ले नाहीत, तसले धुके नाही, सरदारी परंपरेचे ते उतरते वैभव नाही, म्हणून मराठी भयकथा उसन्या बंगल्यात राहते. दुसऱ्या बाजूला 'भारतातील झपाटलेली ठिकाणे' अशा याद्या असतात. त्यांत शनिवारवाड्याला हटकून जागा मिळते आणि पौर्णिमेच्या रात्री तिथे एका मुलाची हाक ऐकू येते, असे छापले जाते. पहिले मत विद्वानांचे, दुसरे पर्यटकांचे. चूक दोघांची एकच. दोघेही किल्ल्याला पोशाख समजतात. एकाला तो पोशाख मराठी अंगावर दिसत नाही, दुसरा तो जबरदस्तीने चढवतो. किल्ला काय काम करतो, हे दोघेही विचारत नाहीत.

ते काम सगळ्यांत नीट ओळखले ते ॲन रॅडक्लिफने, आणि तिच्यापाशी थोडे थांबल्याशिवाय मराठी वाड्यात शिरता येत नाही. ओट्रांटो ज्या साली निघाले त्याच १७६४ साली तिचा जन्म झाला. तिच्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो'ला (१७९४) प्रकाशकाने पाचशे पौंड दिले; त्या काळी कादंबरीसाठी ही रक्कम आश्चर्याची होती. तिने इटली पाहिली नव्हती. ॲपेनाइन डोंगरातला तो किल्ला तिने प्रवासवर्णने वाचून आणि चित्रे पाहून उभा केला. तिची सगळ्यांत थट्टा झाली ती एका सवयीवरून. ती भूत दाखवते आणि पुढे त्याचा उलगडा करून टाकते. आवाज चोरांचा निघतो, प्रकाश पहारेकऱ्याचा निघतो. वाचक फसवला गेला, अशी तक्रार तेव्हापासून चालू आहे.

तक्रार करणाऱ्यांनी उलगडा वाचलेला नाही. उडोल्फोतला काळा पडदा प्रसिद्ध आहे. नायिका एमिली पडदा उचलते, पाहते आणि बेशुद्ध पडते. मागे काय होते, हे लेखिका शेकडो पाने सांगत नाही. शेवटी कळते की ती मेणाची आकृती होती. किडे पडलेल्या, अर्धवट कुजलेल्या प्रेताची. त्या घराण्यातल्या एका पुरुषाला चर्चने प्रायश्चित्त म्हणून ती रोज बघायला लावली होती. आणि त्याने मृत्युपत्रात अट घातली की वंशजांनी ही आकृती जपावी. न जपल्यास जमिनीचा ठरावीक हिस्सा चर्चकडे जाईल. पडदा दूर सारला तर मागे पुन्हा मृत्युपत्रच आहे. भूत नाही म्हणून वाचक हिरमुसतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलेली खरी भीती त्याच्या नजरेतून निसटते: पिढ्यामागून पिढ्या एक घाण वस्तू घरात बाळगतात, कारण ती टाकली तर जमीन जाते.

उडोल्फोचा मालक माँटोनी याला मारहाणीची हौस नाही. त्याला सही हवी आहे. एमिलीच्या आत्याशी त्याने पैशासाठी लग्न केले. तिच्या नावावरच्या इस्टेटी तिने लिहून द्याव्यात म्हणून तो तिला बुरुजात कोंडतो, ती तिथेच आजारी पडून मरते, आणि मग तोच कागद भाचीपुढे येतो. या कादंबरीत सर्वांत भीतिदायक जागा पडद्याची नाहीच. ती एमिलीच्या निजायच्या खोलीत आहे. खोलीला एक दुसरे दार आहे, अरुंद जिन्यावर उघडणारे. एमिली दिवा घेऊन ते दार तपासते. खोलीच्या बाजूने त्याला कडी नाही. पलीकडच्या बाजूने आहे. ती एक जड खुर्ची दाराला लावून झोपते, आणि सकाळी तिला दिसते की रात्रीतून कुणीतरी ते दार बाहेरून लावून गेले आहे.

रॅडक्लिफच्या मृत्यूनंतर, १८२६ साली, तिचा एक निबंध छापला गेला. त्यात ती दोन प्रकारच्या भयांत फरक करते. एक मनाला जागे करते, ताणून मोठे करते. दुसरे मनाला गोठवते. प्रेत दाखवले की मन गोठते. कडी बाहेर आहे एवढेच दाखवले, तर मन रात्रभर जागे राहते. पुढच्या दोनशे वर्षांत भयकथा लिहिणाऱ्या बहुतेकांनी पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रकाराचा धंदा केला, आणि ही या साहित्यप्रकाराची मोठी हानी आहे. जेन ऑस्टेननेही 'नॉर्दँगर ॲबी'त रॅडक्लिफच्या वाचक मुलीची गंमत केली. जुन्या कपाटात गुप्त हस्तलिखित शोधायला गेलेल्या कॅथरीनला धोब्याची यादी सापडते. पण त्याच कादंबरीत यजमान जनरल त्या मुलीला एकटीला घराबाहेर काढतो, तेही तो समजला होता तेवढी ती श्रीमंत नाही एवढ्याच कारणाने. ऑस्टेनने रॅडक्लिफचे सामान हसण्यावारी नेले. तिचा मुद्दा मात्र शब्दशः उचलला.

हा मुद्दा घेऊन मराठी मुलखात आले की पहिला आक्षेप गडांचा येतो. ज्या प्रदेशात शेकडो गडकोट आहेत, तिथे किल्ल्याची भयकथा का जन्मली नाही? पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवीहून उत्तरेला चाकणचा संग्रामदुर्ग आहे, भुईकोट. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाविरुद्ध तो सुमारे दोन महिने झुंजवला. शेवटी खानाला बुरुजाखाली सुरुंग लावावा लागला. आज त्याची उरलीसुरली तटबंदी चाकणच्या घरांच्या गर्दीत उभी आहे. पडका बुरुज, वाढलेले रान, जवळून जाणारी मालमोटारींची रांग: गॉथिक चित्राला लागणारे सामान सगळे हजर आहे. तरीही कुणा मराठी माणसाला तिथे भुताची आठवण होत नाही. त्याला फिरंगोजी आठवतो. गड ही कुणा एका घराण्याची मिळकत म्हणून मराठी मनात नाहीच. तो सगळ्यांचा आहे.

हिरकणीची आख्यायिका या दृष्टीने पुन्हा ऐकण्यासारखी आहे. रायगडावर दूध घालायला आलेली बाई, संध्याकाळी दरवाजे बंद झालेले, घरी तान्हे मूल. ही अगदी उडोल्फोची परिस्थिती आहे: किल्ल्यात अडकलेली बाई आणि बंद दार. पण दार बंद झाले ते नियमाने, सगळ्यांसाठी, आणि कड्यावरून उतरून गेलेल्या बाईला राजा शिक्षा करत नाही. तिच्या नावाने बुरूज बांधतो. या गोष्टीचा इतिहास काय असेल तो असो, मराठी माणसाने ती पिढ्यान्‌पिढ्या अशीच सांगितली आहे. जिथे मालक ऐकून घेतो, तिथे गॉथिक संपते. तेव्हा गडांविषयीचा विद्वानांचा दावा मान्य करायला हवा. मराठी गॉथिकला गड कामाचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मराठी भुते घरात राहत नाहीत. मुंजा पिंपळावर, हडळ पाणवठ्याशी, खवीस आडरानात. आणि त्या सगळ्यांचा राजा वेताळ गावाच्या शिवेवर, शेंदूर लावलेल्या दगडांच्या रिंगणात. इंग्रजी भूत वास्तूचे, मराठी भूत वेशीबाहेरचे. सांगवीचेच बघावे. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळचे हे गाव, आता पिंपरी-चिंचवड महापालिकेतला दाट वस्तीचा भाग. जुन्या सांगवीत वेताळ महाराजांच्या नावाने महापालिकेची बाग आहे. संध्याकाळी तिथे मुले खेळतात, म्हातारी माणसे बाकांवर बसतात. भुतांच्या राजाला 'महाराज' म्हणून गावाने त्याच्याकडून राखणीचे काम घेतले. घराच्या आत वास्तुपुरुष, देव्हारा, पितर. मग घर झपाटेल कसे?

याला उत्तर आहे आणि ते भाषेतच आहे. भुतांच्या या यादीत एक नाव वेगळे पडते: समंध. वारस न ठेवता, इच्छा अडकून मेलेल्याचे हे भूत. आपले धन कुणाला भोगू देत नाही, अशी त्याची ख्याती. शब्द 'संबंध' याचाच बोलीतला अवतार आहे. संबंध सुटला नाही तो समंध. मॅनफ्रेडच्या आजोबांपासून रॅडक्लिफच्या मेणाच्या आकृतीपर्यंत युरोपीय गॉथिकने जे सांगायला कादंबऱ्या लिहिल्या, ते मराठी बोलीने एका शब्दात ठेवले होते. फक्त त्याचे घर किल्ला नव्हते. त्याचे घर वाडा.

वाड्याची रचनाच याला सोयीची. मोठ्या दरवाजात माणसापुरता दिंडी दरवाजा, आत देवडी, मग चौक, सोपा, माजघर, आणि माजघराच्या मागे उजेड न येणाऱ्या खोल्या. प्रत्येक उंबरा ओलांडताना प्रकाश कमी होतो आणि आत येण्याचा हक्क असलेली माणसेही कमी होतात. कागद रुमालात बांधलेले, पेटीत, मोडीत लिहिलेले. वॉलपोलने आपली कादंबरी कुठल्याशा जुन्या इटालियन पुस्तकाचे भाषांतर आहे अशी बतावणी केली होती. मराठी घरात ती बतावणी करावी लागत नाही. १८५२च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन आले, सनद दाखवा नाहीतर इनाम खालसा, असा काळ आला, आणि घराघरांत रुमाल सोडून कागद शोधले गेले. पुढे मोडी मागे पडली. आजही वाड्याच्या वाटणीत असे रुमाल निघतात, आणि ज्यांच्यासाठी ते जपले त्यांनाच ते वाचता येत नाहीत. गॉथिक कादंबरीतला जुन्या हस्तलिखिताचा संकेत इतक्या साध्या, दुखऱ्या रूपात युरोपात क्वचितच भेटतो.

शनिवारवाडा हे याचे सगळ्यांत मोठे उदाहरण, म्हणूनच झपाटलेल्या ठिकाणांच्या याद्यांनी त्याची केलेली दशा सहन होत नाही. बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला. २२ जानेवारी १७३२ला वास्तुशांत झाली. ओट्रांटो छापले गेल्यावर नऊ वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ला, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी याच वाड्यात खून केला. तो जीव घेऊन चुलत्याच्या, रघुनाथरावाच्या, महालाकडे धावला होता. गादीवर चुलता बसला. पुढच्या एप्रिलात पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला मुलगा झाला, आणि सवाई माधवराव म्हणून त्या तान्ह्या मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. बळकावणारा चुलता, मेलेला धनी, बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला खरा वारस: वॉलपोलने कल्पनेने रचलेले कथानक पुण्याने प्रत्यक्ष भोगले. पुढे १७९५च्या ऑक्टोबरात तोच सवाई माधवराव त्याच वाड्यातून खाली पडून मेला, आणि १८२८च्या आगीत वाडा जळाला; तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली.

याद्यांना यातले काही नको असते. त्यांना पौर्णिमा आणि किंकाळी हवी असते. पत्रात 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका चवीने सांगतात, रघुनाथरावाची बायको आनंदीबाई हिच्यावर ठपका ठेवून मोकळे होतात, आणि या खुनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांच्या पानांवर येत नाही. ती म्हणजे चौकशी. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, गादीवर बसलेल्या माणसालाच दोषी ठरवले आणि पुणे सोडले. युरोपीय गॉथिकमध्ये गुन्हा उघडकीला आणायला भूत लागते, कारण किल्ल्यात धन्याविरुद्ध बोलणारा जिवंत माणूस नसतो. शनिवारवाड्यात तो होता. त्याला गाव सोडावे लागले, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट त्या याद्यांत नसते. त्या दुपारी एकटा नारायणराव मेला नाही. त्याला वाचवायला आडवा पडलेला सेवक चापाजी टिळेकर मारला गेला. वाड्यातली इतर माणसेही मारली गेली. पौर्णिमेच्या रात्री हाक ऐकू येते ती पेशव्याची. चापाजीची कुणालाच ऐकू येत नाही.

इथपर्यंत मांडलेली बाजू अशी: गॉथिक किल्ला म्हणजे वादातली मिळकत, आणि मराठीत त्याचे रूप वाडा. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतले मराठी लेखन ही बाजू मोठ्या प्रमाणात खरी ठरवते. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) भूत नाही. बाप मेला आहे, तेराव्यासाठी मुलगे जमले आहेत, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे, आणि सगळ्यांची नजर घराण्याच्या सोन्यावर आहे. रात्री थोरली सून ते दागिने अंगावर घालून बघते. त्या प्रसंगात मेलेल्या पिढ्या तिच्या अंगावर चढतात, आणि असा झपाटा कुठल्या भुताने आणलेला नाही. २०१६ साली सुरू झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका अण्णा नाईकांच्या मृत्यूने आणि नाईकांच्या वाड्यातल्या जमिनीच्या प्रश्नाने सुरू झाली. तिच्यावर अंधश्रद्धा पसरवल्याचा आक्षेप आला. आक्षेपाची कळकळ समजण्यासारखी आहे, कारण त्याआधी तीनच वर्षे अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर झाला. पण आक्षेप घेणाऱ्यांनी त्या मालिकेतला वाटणीचा तंटा पाहिला असता, तर त्यांना तिथे आपलाच मुद्दा सापडला असता. 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट हिंदी असला तरी त्याचा वाडा, पाऊस आणि हाव कोकणातली आहे, आणि त्याच्या मुळाशी नारायण धारपांची कथा आहे. धारपांवर उसनेपणाचा शिक्का आहे. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे, हे खरेच आहे. तरीही त्यांनी उसने आणलेले भूत मराठी घरात आले की ते वारसा मागू लागते.

तरी ही बाजू अपुरी आहे. तिच्यात सगळे घरातलेच आहेत: बळकावणारा, वारस, सून, भूत. ओट्रांटोच्या शेवटी जो शेतकरी तरुण खरा मालक ठरतो, तोही शेवटी रक्ताने उमरावच निघतो. न्याय झाला तो मिळकतीचा. किल्ल्यात राबणाऱ्यांचा प्रश्न कुणी काढलाच नाही. आणि वाडा हा शब्द गावातल्या निम्म्याहून अधिक लोकांना आतून माहीतच नव्हता. त्यांच्यासाठी वाडा म्हणजे जिथे बोलावणे येते ती जागा. निळू फुल्यांनी पडद्यावर उभा केलेला, बाईला वाड्यावर बोलावणारा पाटील आज नकलांचा आणि हशांचा विषय झाला आहे, याचे वाईट वाटते. त्या बोलावण्यात जी दहशत होती तिच्यावर हसू येणे, हे ती दहशत आपल्या वाट्याला आली नसल्याचेच लक्षण आहे.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' (१९७५) म्हणूनच मराठीतली श्रेष्ठ गॉथिक कृती मानायला हवी, जरी त्या नावाने तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. सहकारी साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील. त्याच्याकडे आश्रयाला आलेला एक भणंग, दारुडा मास्तर. आणि मास्तरने धरून ठेवलेला एकच प्रश्न: मारुती कांबळेचे काय झाले? पुरलेला गुन्हा आहे, पाहुणा आहे, सर्वसत्ताधीश यजमान आहे. रॅडक्लिफच्या कादंबरीचा सांगाडा जसाच्या तसा आहे. फक्त भुताच्या जागी प्रश्न आहे. मारुती कांबळे कुणाचा हरवलेला वारस निघत नाही. त्याच्या नावाने कुठली जमीन परत मिळत नाही. तो मारला गेलेला माणूस आहे आणि तेवढ्यानेच तो हिंदुरावाला पुरून उरतो. ओट्रांटोपासून या साहित्यप्रकाराला जे जमले नव्हते, ते इथे जमले.

मग मिळकत हा किल्ल्याचा गाभा नव्हे. गाभा एमिलीच्या दारात आहे. किल्ला म्हणजे अशी जागा, जिथे धनी आणि न्यायाधीश एकच असतो, आणि आतल्या माणसाच्या दाराची कडी त्या माणसाच्या हातात नसते. मृत्युपत्र, सोने, जमीन ही कडी बाहेरून लावायची कारणे.

असे पाहिले की वाड्यातली सगळ्यांत अंधारी खोली दिसते. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली बायको आहे. मराठी वाड्यात माळ्याची गरज नव्हती; माजघरामागची खोली पुरे होती, आणि तिच्यात सोवळी केलेली विधवा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल सोडून जावे किंवा घेऊन जावे. त्या गृहाची गरज का पडली, हे समजून घेतले की कळते, त्या काळच्या वाड्यांमधून रात्री कुठले आवाज दाबले जात होते. गॉथिक कादंबरी लिहायची तर ती त्या दारापासून लिहायला हवी होती. मराठीने भुते पिंपळावर बसवली, त्याचे एक कारण हेही असेल: घरातले काय आहे ते सांगायचे नव्हते.

बाहेरून कडी लावणारा नेहमी घरचाच असतो असेही नाही. 'ड्रॅक्युला' १८९७च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई घरांच्या आतल्या खोल्यांपर्यंत शिरत होते. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे, सांगवीपासून काही मैलांवरचे. त्यांचा वाडा आता स्मारक आहे. तिथे उभे राहिले की दाराची दुसरी बाजू समजते. जे दार आतल्या बाईला कोंडते, तेच बाहेरच्या शिपायाला अडवत असते, आणि सरकारने ते मोडले तेव्हा आतली बाई सुटली नाही. १९४८ साली गांधीहत्येनंतर गावोगाव ब्राह्मणांचे वाडे जाळले गेले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये ती जळणारी घरे आहेत. जळताना वाडा ज्यांना आतून दिसला त्यांची वेदना खरी होती. त्याच वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या वेठीला राबलेल्यांना तो बाहेरून कसा दिसला असेल, याची कादंबरी मात्र शोधावी लागते.

पिंपरी-चिंचवडच्या गावठाणांतून जुनी घरे पडतात आणि इमारती उभ्या राहतात. सांगवीही त्याला अपवाद नाही. सातबाऱ्यावर वारस नोंदी वाढत जातात, आणि १९९४ साली राज्याने व २००५ साली केंद्राने केलेल्या कायद्यांमुळे मुलींची नावेही त्यात आली. नव्या सदनिकेच्या दाराला कडी आतून असते, बाहेरच्याला पाहायला भिंग असते. वाडा उतरवताना लाकूड वेगळे काढतात. नक्षीचे खांब, कमानी, पितळी फुल्यांचा मोठा दरवाजा यांना चांगली किंमत येते. असे दरवाजे हॉटेलांच्या आणि फार्महाऊसच्या दर्शनी भागात बसवलेले दिसतात. दार आतून अडवणारा आडणा मात्र सोबत जात नाही. तो ज्या भिंतीच्या पोटात सरकायचा ती भिंतच उरलेली नसते. आतल्या खोल्यांची दारे साध्या फळ्यांची असतात. त्यांना गिऱ्हाईक नसते. ती सरपणाच्या ढिगावर पडतात, बहुतेक वेळा पालथी, आणि पालथ्या फळ्यांवर लोखंडी कडी तशीच असते, बाहेरच्या अंगाला.